पोरींच्या वाटेची खडी

आमच्या शाळेच्या रस्त्याला सरकारनं पैसा दिला नाही, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. दिला की! चांगला हात सैल सोडून दिला. त्या पैशाची खडी झाली, खडीचे ढीग झाले, ढिगांवर चुना पडला आणि त्या ढिगांनीच आमची शाळा खाल्ली. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. मी त्या ढिगांच्या कडेनं चाललेली आहे, मला हसू येत नाही.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या सडकेपासून थोडं आत. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर सडकेला लागून असलेल्या मोठ्या गावी हायस्कूलला चालत जायचं. सडक म्हणजे काय, एका गाडीपुरती डांबराची पट्टी. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीनं चाक खाली उतरवायचं. डांबराच्या दोन्ही अंगांना मातीची साईडपट्टी, आणि तिच्या पलीकडं खोल चारी, वेड्या बाभळीनं गच्च भरलेली. आम्ही पोरी साईडपट्टीवरून एकीमागं एक चालायचो. बहुतेक जणी अनवाणी. ज्यांच्या घरी सायकली होत्या ती पोरं शेजारून घंटी वाजवत, काहीबाही बोलत पुढं निघून जायची.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात गिरणीत कामाला होते. तिथंच खोली करून राहायचे, सुट्टीला गावी यायचे. पोरींनी सातवीपुढं शिकावं हे काही त्यांच्या मनात नव्हतं. गावात तसं कुणाच्याच नव्हतं म्हणा. पण आईनं हट्ट धरला. ती स्वतः अंगठेबहाद्दर, तरी दोन्ही पोरींनी मॅट्रिक व्हायचंच ही गाठ तिनं मनाशी पक्की मारली होती. शेवटी आण्णा कबूल झाले, पण अट घालून. रस्त्यात काही बरंवाईट झालं, गाडीचा नुसता धक्का जरी लागला, तरी त्याच दिवसापासून दोघींची शाळा बंद. आईनं मान डोलावली. तेव्हापासून तिचा सगळा जीव त्या सडकेत अडकला. मी आठवीत जायला लागले तेव्हा धाकटी अजून गावातच सातवीत होती. पुढल्या वर्षी तीही माझ्याबरोबर येणार, म्हणून आतापासूनच माझी दप्तराची पिशवी गळ्यात अडकवून घरभर मिरवायची.

आणि त्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी कोरड्या ठाक. शाळू पेरलाच नाही कुणी. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. मग दुष्काळी कामं निघाली. एक दिवस चावडीपुढं जीप आली आणि तिच्यातून एक तरुण साहेब उतरला. त्याच्याकडं आमच्या गावासाठी दोन कामं होती. एक गावाला लागून पाझर तलाव, दुसरं सडकेवर खडी फोडायची. गावानं एक सांगावं, ते तो लावून देणार. पुरुषमाणसं तलावच म्हणत होती. जवळचं काम, शिवाय झालाच तलाव तर विहिरींना पाणी लागेल. त्यांचं काही चुकत होतं असं नाही.

बायका मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांतून आई पुढं झाली. चावडीपुढं ती तोंड उघडेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं, मला तर नाहीच. पदर डोक्यावर ओढून ती साहेबाला म्हणाली, "सायब, सडकंचं काम द्या. आमच्या पोरी त्या सडकंनं शाळंला जात्यात. कडंनं खडी-मुरूम टाकून उंच वाट करून द्या, गाड्यांपास्नं लांब."

पुरुष हसले. पोरींना सडक द्या आणि आम्ही काय धूळ खायची का, असं सरपंच म्हणाले आणि परत हशा झाला. पण साहेबाला ते पटलं. शाळेच्या पोरांना चालायला वेगळी वाट, हे त्याच्या डोक्यात चटकन बसलं. तो म्हणाला, आत्ता खडी फोडून घेऊ, मग मुरूम टाकून कडेला दाबून घेऊ, गाडीवाल्यांना डांबर आणि पोरींना पायवाट. वर हेही म्हणाला की असं मागणारं गाव त्यानं पहिल्यांदाच बघितलं. तो खोटं बोलला असं मला आजही वाटत नाही. खोटारडा असता तर बरं झालं असतं, त्याला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

काम सडकेवर लागलं. गावातल्या बायका उन्हातान्हात तेवढ्या लांब चालत यायच्या आणि वाटेत आईला बोल लावायच्या, की हिच्या पोरींपायी आमच्या पायांचे तुकडे. आई ऐकून घ्यायची. पहिला ढीग झाला तेव्हा तिनं त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ नव्हता म्हणून गुळाचा खडा ठेवला. मग मात्र सगळ्याजणी आल्या आणि हात जोडून गेल्या, कारण कुणाची नात, कुणाची भाची, आज ना उद्या त्या वाटेनं जाणारच होती.

मुकादमाकडं एक लोखंडी कडी होती. तिच्यातून जाईल एवढी खडी फोडायची असा नियम. आईला ती जाड वाटली. "बारीक फोडा गं, पोरींच्या पायाला टोचंल," ती सगळ्यांना सांगत सुटायची. आता बारीक फोडायची म्हणजे हातोडीचे घाव जास्त, आणि ढीग तर लवकर वर येतच नाही. मजुरी ढिगाच्या मापावर. बायका चिडल्या नसत्या तरच नवल. आमच्या शेजारच्या कानडी काकू आईशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण त्यांची नात माझ्याच वर्गात होती. तिसऱ्या दिवशी त्याही बारीक फोडायला लागल्या. तोंडानं कानडीत पुटपुटणं चालू आणि हातानं फोडणं चालू.

मी शाळेतून येताना त्या ओळीवरून जायची. बायका दगडाच्या भुकटीनं पांढऱ्याफटक, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्यात आई कोणती ते लांबून ओळखू यायचं नाही. मग एक हात हातोडी न थांबवता जरासा वर व्हायचा, ती आई. तिथं मिळालेली गोड पिठाची सुकडी ती पदरात बांधून ठेवायची आमच्यासाठी. भूक लागली नव्हती म्हणायची. दुष्काळात भूक लागली नव्हती म्हणे!

ढीग पुरा झाला की ओव्हरसियर यायचा, फीत लावून माप घ्यायचा आणि वरून चुन्याचं पाणी शिंपडायला लावायचा. चुना पडला की ढीग सरकारचा. मग त्यातला खडा कुणी हलवायचा नाही. हे ढीग रचले कुठं, तर साईडपट्टीवर. आणखी कुठं रचणार? डांबरावर गाड्या, चारीत बाभळी. आमच्या चालायच्या जागेवर एकामागं एक ढीग उभे राहिले आणि आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. घर बांधायला काढलं की अंगणात विटा पडतातच की, चार दिवस अडचण सोसायची. उलट प्रत्येक नवा ढीग बघून आई खूश व्हायची, की वाट तेवढी पुढं सरकली.

मग पाऊस आला. चांगला आला. सगळ्यांनी हात जोडले, आणि काम बंद झालं. मुकादम कडी घेऊन निघून गेला. साहेबाची बदली झाली असं ऐकलं. मुरूम आलाच नाही. रोलर तर नाहीच. धाकटी आठवीत आली, माझ्या जुन्या परकराला दुमड घालून नेसली, आणि पहिल्याच दिवशी तिला घेऊन मी सडकेवर उभी राहिले. दोन्ही बाजूंना ढीगच ढीग. चारीत गुडघाभर चिखल. चालायला उरलं फक्त डांबर, आणि त्यावर रेशनच्या धान्याचे ट्रक रात्रंदिवस धावत होते.

आम्ही डांबरावरून चालायचो. गाडीचा आवाज आला की पळत जाऊन दोन ढिगांच्या फटीत शिरायचं, पोट आत ओढून उभं राहायचं, गाडी गेली की परत बाहेर. धाकटीला सुरुवातीला गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही. आम्ही हे घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आण्णांच्या कानावर गेलं तर संपलंच. पण आईला सांगायला कशाला पाहिजे होतं? ढीग तिनंच रचले होते.

ती आधी सरपंचांकडं गेली. त्यांनी ती संधी सोडली नाही. तुला सडकच पाहिजे होती ना, घे आता सडक, असं म्हणून मोकळे झाले. मग आण्णांना भेटायला म्हणून ती सोलापूरला गेली आणि त्यांना न सांगता कचेरीत जाऊन आली. मी बरोबर होते. बांधकामाच्या कचेरीतला क्लार्क म्हणाला, खडी फोडायचा पैसा दुष्काळाचा होता, पसरायचा पैसा आमचा आणि आमचा अजून आलेला नाही. दुष्काळाचं काम बघायचे तिथं गेलो तर त्यांनी सांगितलं, दुष्काळ संपला की बाई, आता आमच्याकडं काही नाही. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना! पोरी तिथं गाड्यांखाली येत्यात, असं आईनं दोन्हीकडं सांगितलं. दोन्हीकडं त्यांना वाईट वाटलं. एकानं तर आम्हाला बसायला बाक दिला आणि पाणी दिलं. परत येताना एसटीत आई खिडकीतून आपले ढीग बघत होती.

श्रावणातल्या एका सोमवारी ती घमेलं घेऊन उठली. कानडी काकू आणि गल्लीतल्या आणखी काही बायका तिच्याबरोबर निघाल्या. वळणापाशी सगळ्यात वाईट जागा होती, तिथले ढीग त्यांनी चारीकडं लोटायला घेतले. फार नाही, एका माणसाला चालता येईल एवढी पट्टी मोकळी करायची आणि खडी तिथंच अंथरायची. आम्ही शाळेतून आलो तेव्हा वळणावर एक छोटीशी वाट तयार होती. धाकटी तिच्यावरून अनवाणी धावत गेली, परत आली, परत गेली. टोचत नाही म्हणाली. आई घामानं डबडबलेली, कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत होती. मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. पुढंही नाही.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आला, सरपंच बरोबर. चुना मारलेला सरकारी माल हलवला, माप मोडलं, ही चोरी आहे, नावं पोलिसात जातील, असं त्यानं सांगितलं. आई म्हणाली, नेलं कुठं साहेब, तिथंच तर आहे. तो म्हणाला, ते मला कळतंय, पण उद्या वरून कुणी मापायला आलं तर मी काय दाखवू? तोही घाबरलेलाच होता. सरपंच आईकडं बघून हसले. बायकांना पोलिसाचं नाव काढल्यावर धीर कुठला उरतोय? दिवसभर त्या चिखलातून खडा खडा वेचून घमेल्यांनी वर आणत होत्या आणि ढीग परत रचत होत्या. ओव्हरसियर बाभळीखाली बसून होता. संध्याकाळी त्यानं फीत लावली, मान हलवली, आणि आईच्याच हातानं परत चुना मारून घेतला.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. शाळा सुटून आम्ही परत येत होतो. रिमझिम होती. त्याच वळणावर समोरून एसटी आली आणि मागून धान्याचा ट्रक. आम्ही पळालो. मी एका फटीत शिरले. धाकटी पुढच्या फटीकडं गेली, तिथं दोघीजणी आधीच होत्या, जागा नव्हती. ती ढिगावर चढली. दोन पावलं वर गेली असेल नसेल. खडी सुटली. ती खडीबरोबर बसकण मारल्यासारखी सरळ खाली आली, एक पाय डांबरावर, आणि ट्रकचं मागचं चाक त्या पायावरून गेलं. मी हे सगळं बघितलं. फटीत उभी राहून बघितलं. ट्रकवाल्याची काही चूक नव्हती. तो बिचारा धावत खाली उतरला, त्यानंच तिला उचलून केबिनमध्ये घातलं आणि सोलापूरला पोचवलं.

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तळहात उलटेसुलटे करून बघत होती. मी जवळ जाऊन बसले तेव्हा माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मीच बारीक फोडाया लावली. जाड असती तर पाय ठरला असता गं तिचा. घसरली नसती."

मी म्हटलं, असं काही नसतं आई. पण असंच होतं. मलाही ते ठाऊक होतं. त्या क्षणी मला सगळ्या जगाचा संताप आला. साहेबाचा, क्लार्कचा, ओव्हरसियरचा, सरपंचाचा, त्या चांगल्या झालेल्या पावसाचासुद्धा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि मधे जळाली कोण, तर माझी बहीण. पण या सगळ्यांपैकी एकानंही रात्री उठून स्वतःचे हात बघितले नसतील. ते काम आईच्याच वाट्याला आलं.

आण्णा ओरडले नाहीत. त्यांनी अटीची आठवणसुद्धा करून दिली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. धाकटीला घरी आणल्यावर त्यांनी माझं दप्तर उचलून वर माळ्यावर ठेवलं, एवढंच. आईनं ते बघितलं आणि ती चुलीकडं वळली. इतक्या वर्षांचा हट्ट तिनं तिथंच सोडला. कानडी काकूंनी नातीला घरी बसवलं. बाकीच्या घरांनीही तेच केलं. कुणाला कशी नावं ठेवायची? मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

हायस्कूलचे हेडमास्तर सायकल मारत घरी आले. निदान थोरलीला तरी पाठवा म्हणाले. रस्त्यासाठी त्यांनीही वर बरंच लिहिलं होतं म्हणे. आण्णांनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे विचारलं, तुम्ही रोज हात धरून नेता का माझ्या पोरीला? हेडमास्तर चहा पिऊन गेले. धाकटी आतून ऐकत होती. ती कुबडीवर टेकत बाहेर आली आणि मला म्हणाली, "आक्का, तू जा की. माझं झालं ते झालं." काही दिवस ती माझी पुस्तकं माळ्यावरून काढायला लावून वाचायची, गणितं सोडवून मला दाखवायची. मग तिनं तेही सोडलं.

दोन उन्हाळे गेले. परत काम निघालं, आता त्याला रोजगार हमी म्हणत होते. सडक तीच. मधल्या काळात काही ढीग डांबरातल्या खड्ड्यांत गेले होते, काही पावसानं चारीत गेले होते, बाकीचे तसेच होते, चुना धुऊन गेलेला. नवीन साहेब आला. हाही तरुण, हाही चांगला. या वेळी कुठलं काम पाहिजे असं विचारलं तेव्हा आई भिंतीपाशीच उभी राहिली, पुढं झाली नाही. सडकेचंच काम आलं.

पहिल्या दिवशी साहेब ओळीवरून फिरत आमच्यापाशी थांबला. बायकांना बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल, की हा रस्ता झाला की तुमच्या मुलींना शाळेला जायला किती सोयीचं होईल.

आईनं मान वर केली. "आमच्या गावात शाळंला जाणारी पोरगी आता न्हाय, सायब," ती म्हणाली. "तुमी बिनघोर टाका ढीग."

मग तिनं मला हाताला धरून ओळीत आपल्या शेजारी बसवलं, माझ्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या आणि हातोडी माझ्या हातात दिली.